सायीची हळद

नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीकडं पाठवायची, ही आमच्याकडची रीत. तिला उष्टी हळद म्हणतात. आधी त्याचं अंग माखायचं, मग उरलंसुरलं आपल्याला. दुसऱ्यांच्या लग्नात अशी हळद मीही नाचत नेलेली आहे, तेव्हा मला काही खटकलं नव्हतं. आपल्या गालाला लागेपर्यंत माणसाला कुठलीच रीत खटकत नाही.

माझी हळद वरकुट्याहून लासुर्ण्याला आली ती दिवस मावळताना, पिकअपमधून, दहा-बारा बायका आणि एक मोठा स्पीकर घेऊन. हळद स्टीलच्या कडीच्या डब्यात होती. डबा उघडायच्या आधीच बायकांनी त्याचं कौतुक सुरू केलं. आत साधी हळद नव्हती. घरची साय होती, हरभऱ्याचं पीठ होतं, चंदन आणि गुलाबपाणी होतं. माझे होणारे सासरे सर्जेराव यांचं वरकुट्यात दूध संकलन केंद्र. गावातलं निम्मं दूध त्यांच्याकडं जमा होतं आणि तिथून टँकरनं बारामतीला जातं. असल्या घरात सायीला काय तोटा. सासूबाईंनी, म्हणजे मुक्ताबाईंनी, दोन दिवस आधीपासून स्वतःच्या हातानं हळद कालवून ठेवली होती, असं एकीनं मुद्दाम सांगितलं. आमच्या आळीतल्या बायका डब्यात वाकून बघत होत्या. आईनं पाण्यात कालवलेली आमची हळद बिचारी वाटीत एका बाजूला पडली होती.

पहिलं बोट गालाला लागलं तेव्हा गुलाबपाण्याच्या आडून एक उग्र वास नाकात गेला. तो वास माझ्या ओळखीचा होता. पण तो माझ्या हातांना रोजच यायचा, त्यामुळं मला वाटलं, तो माझाच आहे.

माझं नाव प्रगती, मी बारामती एमआयडीसीत एका दूध प्लांटच्या लॅबमध्ये काम करते. गावोगावच्या केंद्रांवरून दुधाचे नमुने येतात, ते तपासेपर्यंत नासू नयेत म्हणून बाटलीत फॉर्मालिनचे थेंब टाकतात. फॉर्मालिन म्हणजे जंतू मारणारं आणि वस्तू टिकवणारं पाणी. दवाखान्यात त्यात कापून काढलेल्या गाठी ठेवतात, मेलेलं माणूससुद्धा त्यानं टिकतं. नमुन्यात टाकायला ते चालतं, कारण तो नमुना नंतर ओतूनच द्यायचा असतो. विकायच्या दुधात टाकलं तर गुन्हा. आम्हाला मिळणारे हातमोजे पातळ, दुपारपर्यंत फाटायचे, मग उघड्या हातांनीच काम. वर्षभरात माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मी त्याचा दोष साबणाला देत होते आणि खोबरेल चोळत होते.

लग्न जमवलं होतं युवराजमामानं. हा माझा सख्खा मामा, त्याच प्लांटचा टँकर चालवतो आणि रोज वरकुट्याला जातो. मुलगा ऋषिराज, थोरल्या बहिणीच्या पाठचा एकुलता एक, केंद्राचा हिशेब बघतो, दिसायला चांगला, बोलायला कमी. कमी बोलणाऱ्या माणसाला आपण शहाणा समजतो. मीही समजले.

हळद लागून तास दोन तास झाले असतील, गाल चुरचुरायला लागले. मग मान, मग पापण्या. मी आईला सांगितलं. आई चुलत्यांच्या पाहुण्यांना वाढण्यात गुंतलेली, तिनं मला भामाबाईंच्या हवाली केलं. भामाबाई माझ्या वडिलांची चुलती, साऱ्या आळीची वैद्य. त्यांनी माझा चेहरा दिव्याकडं वळवून बघितला आणि उष्णता म्हणून निकाल दिला. उष्णतेवर हळदीसारखं औषध नाही. हळद म्हणजे जंतुनाशक, आणि ही तर सायीची. त्यांनी डब्यातली हळद ओंजळभर घेऊन माझ्या तोंडावर जाड थापली, गळ्यावर थापली आणि सकाळपर्यंत धुवायची नाही अशी ताकीद दिली. मी तशीच झोपले. म्हातारीचा माझ्यावर जीव आहे, त्यामुळं तिच्यावर मला अजून नीट रागावताही येत नाही.

सकाळी मला डोळे उघडता येईनात. पापण्या सुजून एकमेकींवर चढल्या होत्या. गाल लाल, टरारलेले, आणि हनुवटीपासून गळ्यापर्यंत बारीक बारीक पाण्याचे फोड. तरी हिरवा चुडा भरलेली नवरी आणि दुपारचा मुहूर्त, त्यामुळं मला उचलून इंदापूर रस्त्यावरच्या कार्यालयात नेलं. पार्लरची सोनम ब्रश हातात घेऊन आली, माझ्याकडं बघितलं आणि पेटी पुन्हा बंद केली. तिचा तरी प्रामाणिकपणा मला आवडला.

मग मुक्ताबाई आल्या. बरोबर त्यांच्या भावकीतल्या दोघी. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडं केलं. वासराची खरेदी चाललेली असते तसं. मग माझे हात पालथे केले, उलटे केले, बोटांच्या भेगांवर अंगठा फिरवला.

"बघाय आलो तवाच ही बोटं मला दिसली व्हती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, भांडी घासून झालं आसंल. ह्यो जुना रोग हाय. आमास्नी फसवलं ह्यांनी."

हे त्यांनी खोलीत म्हटलं, पण आवाज मांडवासाठी होता. मी कशीबशी म्हणाले की हळद लागल्यापासून हे झालं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. हळद त्यांच्या मुलाला लागली, त्यांनी स्वतः लावली, पन्नास बायांनी एकमेकींच्या तोंडाला फासली. कुणाला साधी पुळीसुद्धा आली नाही. मग हिलाच बरी उठली? खोलीतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या बाजूच्यांनीसुद्धा. कारण हिशेब चोख होता. एका जागी पन्नास माणसं जेवली आणि एकालाच ओकारी झाली, तर लोक अन्नाला नाही, पोटाला नावं ठेवतात.

बाहेर माझे वडील, तात्या, ज्याला त्याला उन्हाचं आणि उष्णतेचं निमित्त सांगत सुटले. युवराजमामा सर्जेरावांना बाजूला घेऊन बोलत होता. सर्जेराव म्हणाले, घरातलं बाया बघतात. ऋषिराज स्टेजवर फेटा बांधून बसला होता. मी पडद्याच्या फटीतून बघितलं, तो मोबाईल उलटासुलटा करत होता. तो उठून आत येईल, निदान काय झालं एवढं विचारील, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. त्याला आईनं खूण केली आणि तो उठला, पण गाडीत जाऊन बसायला.

अक्षता पडल्या नाहीत, पण पंगती उठल्या. वरकुट्याचं वऱ्हाड जेवून, पान खाऊन, रोगाची चर्चा करत घरी गेलं.

पुढं सुजेचं कमी आणि तोंडाचंच जास्त झालं. म्हणजे लोकांच्या तोंडाचं. आठवड्यात माझी सूज ओसरली, कातडी सालपटून निघाली, मागं काळे डाग राहिले. तोवर माझ्या रोगाला चार नावं मिळाली होती. कुणी गजकर्ण म्हणे, कुणी कोड म्हणे, एक बाई तर आईला सहानुभूती दाखवायला आली आणि जाताना आमच्या तांब्याला लागलेलं बोट पदराला पुसून गेली. माझ्या पाठच्या बहिणीलाही आता स्थळ येणार नाही, हे सांगायला लोक चालत येत होते. आई रडायची. तात्या उसात जाऊन बसायचे. मला रडू यायचं नाही, मला फक्त राग यायचा, आणि तो काढायला समोर कुणी सापडायचं नाही.

बारामतीत त्वचेच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडं मी एकटीच स्कूटीवर गेले. त्यांनी पाठीवर निरनिराळ्या रसायनांचे ठिपके असलेल्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस अंघोळ करू नको म्हणाल्या. मे महिन्यात. पट्ट्या काढल्या तेव्हा बाकीची पाठ साफ होती, एका ठिपक्याखाली मात्र लालभडक चट्टा उठला होता. फॉर्मालिनचा.

त्यांनी मला विचारलं काम काय करतेस, आणि माझी बोटं बघून त्यांना उत्तराची गरज उरली नाही. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. हे औषध बहुतेकांना काही करत नाही. पण कातडीला ते पुन्हा पुन्हा लागत राहिलं, तर एखाद्याचं शरीर त्याच्याशी वैर धरतं. एकदा धरलं की जन्मभर सोडत नाही. मग थोडंसंही लागलं तरी पेटून उठतं, आणि तेही लगेच नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. हा रोग नाही, कुणाला लागत नाही, पोराबाळांत जात नाही. फक्त त्या वस्तूपासून लांब राहायचं. क्रीम, शाम्पू, भांड्याचं लिक्विड घेतानाही बघून घ्यायचं, कारण टिकवण्यासाठी त्यात असलीच औषधं टाकतात. बोटांचं कारण मला कळलं. पण चेहऱ्याला कुठून आलं, असं त्यांनी विचारलं, आणि मला त्या हळदीचा वास आठवला.

घरी येऊन मी डबा काढला. हळद फेकायची नाही, वाहत्या पाण्यात सोडायची असते. लग्न मोडल्यावर ती सोडायला जायचं कुणाच्या जिवावर येईना, म्हणून डबा फडताळात तसाच पडला होता. आमची पाण्यात कालवलेली हळद केव्हाच केसाळ झाली, म्हणून नाइलाजानं उकिरड्यावर गेली होती. ही मात्र जशीच्या तशी. पिवळीधमक, मऊ. एवढ्या उन्हाळ्यात साय घातलेली वस्तू नासत नाही, आंबत नाही, तिला बुरशीचा ठिपका येत नाही. आमच्या घरात असं टिकणारं काहीच नाही. मी नाक जवळ नेलं. गुलाबपाणी उडून गेलं होतं, तो वास एकटाच राहिला होता. ज्या बाईच्या घरात नमुन्यांसाठी फॉर्मालिनची बाटली हाताशी असते, तीच बाई असली हळद कालवू शकते.

प्लांटमध्ये दुधातलं फॉर्मालिन ओळखायची सोय आहे, पण त्यात रंगाचं वलय बघायचं असतं, हळदीत ते दिसणार कसं? आणि दिसलं असतं तरी माझ्या हातची तपासणी कोण मानणार होतं? म्हणून मी डॉक्टरांचा कागद युवराजमामाकडं दिला आणि वरकुट्याला सरळ निरोप पाठवला, की तुमच्या हळदीत काय होतं ते सांगा.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी तेव्हा ऐकल्या. मुक्ताबाईंनी मामाला ओट्यावरच उभं ठेवलं. कागद हातात घेतला, कुणाकडून तरी वाचून घेतला, आणि चारचौघांत म्हणाल्या की आता तर डॉक्टरनंच लिहून दिलं, दोष पोरीच्या अंगात आहे. ॲलर्जी पोरीला आहे, हळदीला नाही. आणि हळदीत काय होतं हे विचारणारे तुम्ही कोण, आमच्या दुधावर बोट ठेवायचा डाव आहे का? मामा परत आला तो माझ्यावरच चिडून. त्याचा टँकर रोज त्यांच्या दारात उभा राहतो.

ऋषिराजला मी फोन केला. सगळं सांगितलं, डब्याचं, वासाचं, पाठीवरच्या चट्ट्याचं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई म्हणती तसं काय न्हाय. मी विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, आईला विचारून सांगतो. त्यानंतर मी त्याला फोन केला नाही.

जूनच्या अखेरीस युवराजमामा एक प्रस्ताव घेऊन आला. मुक्ताबाई मला पदरात घ्यायला तयार होत्या. त्याचं कारणही मामाच्या बोलण्यातून कळलं. मांडवातून उठून आलेल्या मुलाला दुसरीकडं कुणी मुलगी दाखवत नव्हतं. त्यांच्या अटी दोन होत्या. पोरीच्या अंगात खोट होती आणि आम्ही ती सांगितली नाही, हे आमच्याकडच्यांनी चार माणसांत कबूल करायचं. आणि हळदीचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. तात्यांनी मान डोलावली. आईनं देवापुढं साखर ठेवली.

मी तात्यांना म्हणाले की मी आजारी नाही. ते म्हणाले, मला ठाऊक आहे. मग कबूल का करायचं? तर म्हणे, शब्दच आहे, शब्दानं अंगाला भोक पडतं का? त्या घरात मी जन्मभर उपकारावर जगणार होते. पोरगं शिंकलं तरी माझ्या अंगातली खोट निघणार होती. हे मी सांगितलं, ओरडून सांगितलं. आई म्हणाली, सगळ्याच बायकांचं काही ना काही निघतं.

ठरल्या दिवशी ते आले. सर्जेराव, मुक्ताबाई आणि ऋषिराज. मामा मध्यस्थ म्हणून मधल्या खुर्चीवर. आमच्याकडून तात्या, आई, भिंतीला टेकून भामाबाई. दारात शेजारच्या दोघी येऊन उभ्या राहिल्या, कारण असलं काही असलं की शेजार घरी बसत नाही. त्यातल्या एकीचं माहेर वरकुट्याचं, तिच्या भावाचं दूधही सर्जेरावांच्याच केंद्राला. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते.

बोलणं पावसावरून उसावर आणि उसावरून मूळ मुद्द्यावर आलं. मुक्ताबाई म्हणाल्या, झालं गेलं विसरू, माणसात खोट असायचीच, पण ती आधी सांगावी. तात्या म्हणाले, चुकलंच आमचं. तात्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि माझ्या पायातून डोक्यापर्यंत आग गेली. या माणसानं उभ्या हयातीत कुणाला फसवलं नव्हतं.

मी ग्लास ट्रेमध्ये ठेवले आणि बाहेर नेले. पिवळंजर्द दूध, वर साय. एकेकाच्या हातात दिलं. सर्जेरावांनी न बघताच स्टुलावर ठेवलं. ऋषिराजनं नेहमीप्रमाणं जे दिलं ते घेतलं.

"चहा न्हाय का?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"हळदीचं दूध हाय, आत्या," मी म्हणाले. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. "तुमच्याच डब्यातली हळद. मांडवात वाया गेली, म्हटलं आज कामी लावावी."

ऋषिराजनं ग्लास ओठाशी नेला. मुक्ताबाईंचा हात असा काही आला की मला नीट दिसलाही नाही. ग्लास उडाला, भिंतीवर आदळला, दूध त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि भामाबाईंच्या लुगड्यावर सांडलं.

"पिऊ नगं," त्या म्हणाल्या. "त्यात सँपलचं औषध हाय."

ऋषिराज हातातल्या रिकाम्या जागेकडं बघत होता. त्याला माहीत नव्हतं, हे मला तेव्हा पटलं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं, म्हणून माहीत नव्हतं.

दुधात आमच्या घरची, स्वयंपाकातली हळद होती. मी ते सांगितलं आणि सर्जेरावांनी स्टुलावर ठेवलेला ग्लास मीच उचलून सगळ्यांदेखत पिऊन टाकला. कुणाला विष पाजायला मी काही मुक्ताबाई नव्हे. हेही मी बोलले, आणि आईनंही मला गप्प केलं नाही.

मग मुक्ताबाईंचं सगळं बाहेर आलं, नाक दाबल्यावर तोंड उघडतं तसं. थोरल्या लेकीच्या, राजलक्ष्मीच्या लग्नात सायीची हळद आंबून गेली होती, बुडबुडे आले होते, नवऱ्याकडच्या बायका नाक धरून हसल्या होत्या. या वेळी तसं होऊ नये म्हणून नमुन्यांच्या बाटलीतली दोन टोपणं टाकली.

"अंगाला लावायचं निराळं, पोटात घालायचं निराळं," त्या म्हणाल्या. "मी माझ्या लेकराला बी तीच लावली. मला काय ठावं, हिला सोसत न्हाय म्हणून?"

त्यांना ठाऊक नव्हतं, हे खरंच आहे. मलाही ठाऊक नव्हतं, भामाबाईंनाही नव्हतं. कार्यालयातल्या त्या खोलीत त्यांनी एवढंच म्हटलं असतं, की पोरी, माझ्या हळदीत असं असं पडलंय, तर मी सुजलेल्या तोंडानं हसले असते आणि त्याच मांडवात अक्षता घेतल्या असत्या. चूक कुणाच्याही हातून होते. पण डॉक्टरांचा कागद हातात धरून, आपण काय टाकलं ते मनात ठेवून, त्यांनी मला रोगी ठरवलं. मुलाच्या ओठापर्यंत गेलं तेव्हा मात्र हात आपोआप उठला. ज्या हातानं तो ग्लास उडवला, त्याच हातानं त्या माझी बोटं उलटीपालटी करून मांडवाला दाखवत होत्या. हे मी त्यांना जसंच्या तसं ऐकवलं.

सर्जेराव घसा खाकरून म्हणाले की आता गैरसमज मिटला, तर तारीख धरायला हरकत नाही. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं विचारायच्या नजरेनं बघितलं. मी नाही म्हणाले. ते सर्जेरावांना म्हणाले, "पोरगी न्हाय म्हणती, सर्जेराव." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. वरकुट्याचं माहेर असलेली शेजारीण इतका वेळ ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "आन वयनी, दुधात किती टोपणं टाकता?"

मुक्ताबाईंच्या तोंडाचा रंग उतरला. त्या उठून दाराकडं गेल्या, तिचा हात धरायला गेल्या, तिनं हात मागं घेतला. केंद्रातल्या दुधात आजवर एक थेंब पडलेला नाही, नमुन्याचं औषध नमुन्यालाच, पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, असं त्या परत परत सांगत होत्या. शेजारीण ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी होतं. कार्यालयात बायका माझ्याकडं तशाच बघत होत्या. हिशेब याही वेळी चोख होता. जी बाई हळदीत घालते ती दुधात का नाही घालणार? संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वरकुट्यात पोचणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

मग मुक्ताबाई माझ्याकडं वळल्या.

"तू तपासतीस की आमचं दूध," त्या म्हणाल्या. "रोजचं रोज. तुला ठावं हाय. सांग की हिला."

मला ठाऊक होतं. त्यांच्या केंद्राचं दूध माझ्या हातून वर्षभर गेलं होतं. नमुने वेगळे, टँकरमधलं विकायचं दूध वेगळं, तेही मी तपासायचे, आणि त्या दुधात कधी काही सापडलं नव्हतं. पाणीसुद्धा नाही. माझं एक वाक्य पुरेसं होतं. ते त्या शेजारणीला इथं खरं वाटलं असतं आणि तिच्या तोंडून वरकुट्यातही.

"सांगते," मी म्हणाले. "आत्ता सांगते. पण आधी तुमी सांगायचं. मांडवात ज्या ज्या बायांनी ऐकलं, त्यांच्या दारात जाऊन. प्रगतीला रोग न्हाय, माझ्याच हळदीत औषध व्हतं, आन मला ते ठावं व्हतं. एवढंच."

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. सर्जेराव छताकडं बघत होते. ऋषिराज हळूच म्हणाला, "आई, म्हण की." त्याच्या आयुष्यातली बहुधा पहिली स्वतःची गोष्ट, आणि तीही इतक्या उशिरा. मुक्ताबाईंच्या ओठांची हालचाल झाली. मला वाटलं, आता बोलतील. खरं सांगते, मला ते हवं होतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्यांनी माझं नाव स्वच्छ करावं आणि मी त्यांचं करावं, मग आम्ही एकमेकींचं तोंड पुन्हा बघितलं नसतं तरी चाललं असतं.

"पोरीसोरींच्या म्हणण्यानं मी दारोदार फिरू?" त्या म्हणाल्या.

सुंभ जळालं तरी पीळ जात नाही. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, मुलाला उठवलं आणि चपला घालून गाडीत जाऊन बसल्या.

आता वरकुट्यात लोक दूध घालायला दुसऱ्या केंद्रावर जातात. युवराजमामाचा टँकर सर्जेरावांच्या दारात थांबतो तो नावाला, निम्म्याहून जास्त रिकामा निघतो. तो सांगतो की मुक्ताबाई सकाळी ओट्यावर उभ्या राहून रस्त्यानं जाणाऱ्या कॅनकडं बघत असतात. मला लॅबमधून काढून प्लांटच्या ऑफिसात टेबलावर बसवलंय, बोटांच्या भेगा भरत आल्यात, चेहऱ्यावरचे डाग फिकट झालेत. गावात माझ्या रोगाचं आता कुणी बोलत नाही, बोलायला दूध मिळालंय.

दूध चांगलं होतं. अजूनही चांगलं असेल. माझी अट अजून तीच आहे आणि माझं वाक्यही तयार आहे. वरकुट्याहून अजून कुणी आलेलं नाही.